हौ म्हटलं की डोळे उघडा

भर दुपारी बारा वाजता कोणाचा फोटो काढायचा असेल तर आधी त्याच्या नाकाकडे बघावं. ऊन डोक्यावर असलं की नाकाची सावली सरळ ओठांवर पडते आणि चांगल्या देखण्या नवरीला मिशी येते. डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो तो वेगळाच. हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमचं फोटोचं दुकान होतं, आणि साठ सालानंतरची दहा-बारा वर्षं मी आमच्या ह्यांच्याबरोबर गावोगावच्या साक्षगंधांना उन्हात उभी राहिले आहे. फोटो हे काढायचे. ओरडायचं काम माझं.

साक्षगंध म्हणजे पुण्याकडचे साखरपुडा म्हणतात तेच. आमच्याकडे ते दुपारीच व्हायचं, कारण पाहुणे सकाळच्या बसने येणार आणि तीनच्या बसने परत जाणार. विधी, फोटो, पंगत, सगळं त्या मधल्या वेळात उरकायचं. लग्नात फोटोवाला बोलवायची पद्धत तोवर रुळली होती, पण साक्षगंधात मुलगा-मुलगी शेजारी उभे करून फोटो काढायचा ही नवी हौस होती. खेड्यांत वीज नव्हती. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की गेला, त्यामुळे लग्नाशिवाय हे तो पेटीबाहेर काढत नसत. तेव्हा ऊन हाच आमचा दिवा.

बरं, सावलीत उभं करावं तर लोक ऐकतील तर शपथ. सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, छान मऊ उजेड असायचा. हे दहादा सांगायचे. पण मुलीची आई नाहीतर आत्या हटकून म्हणायची, "सावलीत नोको हो भाऊ, पोरगी काळी येते." झालं! पोरगी उन्हात. मी म्हणायचे, "अहो, उन्हात पोरगी आंधळी येते, ते चालतं का तुम्हाला?" त्यावर सगळ्या बायका हसायच्या आणि पोरीला आणखी दोन पावलं उन्हात ढकलायच्या.

मग आम्ही दोन युक्त्या काढल्या. पहिली डोळ्यांची. शेणानं सारवलेलं आंगण असो की मुरमाचं, दुपारी ते असं चकाकायचं की त्यात कोणाचे डोळे उघडे राहणं शक्य नाही. म्हणून मी दोघांना सांगायचे, डोळे गच्च मिटून घ्या, मी 'हौ' म्हटलं की उघडा. उघडल्याबरोबर एक क्षण डोळे मोठे असतात, मग ते आपोआप बारीक होतात. त्या एका क्षणात हे खटका दाबायचे. सुरुवातीला मी एक-दोन-तीन म्हणत असे, पण तीन ऐकलं की म्हाताऱ्या नाक मुरडायच्या. शुभकार्यात तीन कशाला? हौ बरा. आमच्याकडे होकाराला हौच म्हणतात, कोणाला समजावून सांगायला नको. ह्यांचा कॅमेरा वरून खाली बघायचा होता, त्यामुळे मान घातलेली आणि कान माझ्या हौकडे, असं आमचं चालायचं.

दुसरी युक्ती कापडाची. एक पांढरं धोतर दुहेरी करून दोघांपुढे कमरेइतक्या उंचीवर तिरकं धरलं की ऊन त्यावर आदळून चेहऱ्यावर जातं. मिशी पुसली जाते, डोळ्यांत उजेड येतो. एक टोक मी धरायची, दुसरं घरातलं कोणीतरी. पण परसवाड्याकडच्या एका गावात मी ते धोतर उलगडलं आणि एक म्हातारी किंचाळलीच, "मेल्यावर वरून टाकतेत ते साक्षगंधात काहून आणलं वं?" नवरदेवाची आई रडायला लागली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी कुंकू कालवलं आणि त्या धोतरावर मधोमध हे मोठं स्वस्तिक काढलं. कडांना हळद लावली. हे कुरकुरले, लाल रंग उजेड खातो म्हणाले. मी म्हटलं, खाऊ द्या, लोकांनी तोंडात शेण घालण्यापेक्षा बरं. आणि खरंच, त्यानंतर कोणी चकार शब्द काढला नाही. उलट म्हाताऱ्या कापडाला हात लावून नमस्कार करायच्या. माझ्या त्या शहाणपणाचा मला भारी गर्व होता. येईल-जाईल त्याला सांगायचे.

ओरडण्याबद्दल सांगते. आमचे हे मवाळ. 'जरा सरकता का', 'बघा बरं जमलं तर', असं त्यांचं. तेवढ्यात ऊन निघून जायचं. मग मीच पदर खोचून उभी राहायची. पाटील असो नाहीतर मालगुजाराच्या घरचा, फोटोच्या चौकटीत आला की मी त्याला हाकलणार. कॅमेऱ्याची जादू अशी, की एरवी बाईमाणसाचं ऐकून न घेणारे लोक मी 'हलू नका' म्हटलं की खांबासारखे उभे राहायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

आता एका साक्षगंधाची गोष्ट. राजेगावच्या अलीकडच्या एका गावातलं ते. वैशाख महिना. बसमधून उतरून बैलबंडीनं अर्धा तास. मुलगी बालाघाटला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती, तिथल्याच होस्टेलात राहायची. दोन वर्षांचं ट्रेनिंग, त्यातलं एक झालेलं. माझ्या दुकानावरून जाता-येता तिनं मला पाहिलं होतं, म्हणून मी आतल्या खोलीत तिच्या पदराला पिना लावायला गेले तर तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"काकू, लग्न पुढच्या उन्हाळ्यात हाय," ती म्हणाली. "माह्या बाबानं कबूल करून घेतलं. परीक्षा झाल्याशिवाय लग्न नाही."

"बरं केलं," मी म्हटलं. "मान वर कर."

"पोराकडच्याईनं बी हौ म्हटलं. सगळ्याइच्या समोर." थोड्या वेळानं पुन्हा, "एकच साल तर हाय. मंग मले नोकरी लागते." पिना लावून होईस्तोवर तिनं हे तीनदा सांगितलं. कोणाला सांगत होती कोण जाणे, मला की स्वतःला. शेवटी कानाशी येऊन म्हणाली, "काकू, जोडीचा झाला की माह्या एकटीचा एक काढसान? परीक्षेच्या फारमाले लागते." मी म्हटलं, काढू की, त्यात काय.

नवरदेव वारासिवनीकडचा, तांदळाच्या मिलमध्ये मशीन बघायचा. शांत मुलगा. वडील नव्हते, त्यामुळे सगळा कारभार त्याच्या मामाकडे. मामा म्हणजे आडवातिडवा माणूस, केशरी फेटा, आवाज असा की बैलही वळून बघतील. आम्ही आंगणात जागा धरली तर हे मामाजी नेमके मागे कडुनिंबाखाली खाटेवर लोळलेले. खाटेचे पाय आणि त्यांचे पाय दोन्ही फोटोत.

मी म्हटलं, "ओ मामाजी, उठा तिथून. तुमची खाट नवरीच्या डोक्यातून निघालेली दिसते."

मुलीच्या बापानं जीभच चावली. मामाजी उठून बसले, माझ्याकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. "ही बाई का तहसीलदारीन हाय का बे?" म्हणाले, आणि स्वतः खाट उचलून गोठ्याकडे नेली. मी मनात म्हटलं, हं! आहे कोणाशी गाठ!

मग दोघांना उभं केलं. मध्ये हातभर अंतर. त्याहून जवळ उभं राहायची तेव्हा रीत नव्हती. मुलीच्या काकानं धोतराचं दुसरं टोक धरलं. स्वस्तिक बरोबर मधोमध. पहिला फोटो झाला, दुसरा झाला. मुलगा दोन्ही वेळा हौच्या आधीच डोळे उघडून बसला, म्हणून मी त्याच्यावर खेकसले, "घाई आहे का तुम्हाला?" सगळे हसले, तीसुद्धा हसली. तिसऱ्यांदा डोळे मिटायला सांगितले. हे कॅमेऱ्यात मान घालून तयार. तिकडे बाजेवाल्यांनी डफडं तापवायला घेतलं होतं, त्याचा ठणाणा चाललेला.

तेवढ्यात मामाजी माझ्या मागून आले. सपरीत त्यांचं आणि भटजींचं मघापासून काहीतरी खलबत चाललं होतं, ते मी ऐकलं नव्हतं. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काहो बाई, हे तुमचं कापड अंतरपाट म्हणून चालते ना?"

माझे हात भरून आलेले, घाम डोळ्यांत, ऊन सरकायला लागलेलं. मला वाटलं, ह्या माणसाला पुढच्या वर्षीच्या लग्नाचं आत्ताच सुचतंय. कटकट जावी म्हणून मी म्हटलं, "हौ."

तिनं डोळे उघडले. ह्यांनी खटका दाबला.

मामाजी वळले आणि आंगणभर आवाज घुमला, "चला, अंतरपाट तयारच हाय! साक्षगंधातच लग्न लावून टाका!"

हे आमच्याकडे होतं, अजूनही होतं. दोन्हीकडची माणसं जमलेली, भटजी हजर, जेवण शिजलेलं. मग दुसऱ्यांदा मांडव कशाला आणि दुसऱ्यांदा पंगत कशाला, असं कोणीतरी वडीलधारं म्हणतं आणि साक्षगंधातच लग्न उरकतं. लोक त्याला शहाणपणा म्हणतात, कौतुकानं सांगतात. भटजींनी आधीच पंचांग मिटून ठेवलं होतं. ते तिकडचे हिंदीवाले, म्हणाले, "अभी अभिजित चल रहा है. इससे अच्छा मुहूर्त क्या देखना?" अभिजित म्हणजे ऐन मध्यान्हीचा मुहूर्त. ज्या उन्हाला मी सकाळपासून शिव्या घालत होते, ते ऊनच मुहूर्त निघालं.

मामाजींनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते, सगळं ऐकू येत होतं. ते एकदा म्हणाले, "पोरीले परीक्षेचं म्हटलं होतं जी." मामाजी म्हणाले, "देईन ना परीक्षा. आमी का तिले बांधून ठेवतो का?" बापानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, त्याचा राग मला आजही येतो. मुलीकडे त्यानं पाहिलंच नाही. नवरदेव मात्र बोलला, हे त्याचं खरं. "मामा, सालभर थांबाचं ठरलं होतं ना?" तर मामाजींनी, "तू चूप रे, तुले का समजते," म्हणून त्याला उडवून लावलं.

मुलगी तिथेच उन्हात उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. विचारायची गोष्टच नव्हती ती. दोन बायकांनी येऊन तिच्या गालाला हळद फासली. घरातलेच तांदूळ हळद-कुंकू लावून अक्षता झाल्या. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं, मंगळसूत्र मागाहून करू म्हणाले. अर्ध्या तासात सगळं उभं राहिलं, एवढी तडफ त्या घरात सकाळपासून मला कुठे दिसली नव्हती.

आणि अंतरपाट धरायला मामाजींनी मलाच पुढे केलं. "बाईले सवय हाय, बाईच धरीन. सवाष्ण हाय." मी धरला. दुसऱ्या टोकाला तोच काका. एका बाजूला मुलगा, एका बाजूला मुलगी, मधे माझं धोतर, माझं स्वस्तिक. हे समोरून फोटो घेत होते. मुलगी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. भटजींनी सूर लावला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "काकू." एवढंच. दुसरं काही नाही.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी स्वस्तिकाकडे पाहत राहिले. त्याचा एक पाय जरा वाकडा आला होता, तो मला तोवर कधी दिसला नव्हता.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मी हात सोडला असता तर काय झालं असतं? अंतरपाट मंगलाष्टकात खाली पडला, अपशकुन झाला, असं म्हणून म्हाताऱ्यांनीच लग्न थांबवलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. नुसतं एक टोक सोडायचं. पण मी म्हटलं, आपण फोटोवाले, दुसऱ्याच्या घरात बोलणारे आपण कोण? म्हटलं, मोडलं लग्न तर पोरीच्याच माथी बसेल. म्हटलं, बाप उभा आहे, आई उभी आहे, त्यांना नाही तर मला काय पडलंय? प्रत्येक कडव्याला एक कारण सापडत गेलं. माझे हात भरून आले होते, तरी मी कापड खाली येऊ दिलं नाही. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, कापड बाजूला केलं, डफडं वाजलं.

परत येताना बसमध्ये मी ह्यांच्यावर भडकले. तुम्ही काही बोलला का नाहीत, म्हटलं. हे नेहमीसारखे शांत. म्हणाले, "तू असताना मी कधी बोललो आहे का?" तिच्या एकटीचा फोटो काढायचा राहून गेला होता, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

रीळ धुतलं तेव्हा ह्यांनी मला अंधाऱ्या खोलीतून हाक मारली. तिसरा फोटो. तिनं नुकतेच डोळे उघडलेले, हसू अजून ओठांवर, कापडाचा उजेड दोन्ही डोळ्यांत बरोबर पडलेला. नाकाखाली सावलीचा ठिपका नाही. असा फोटो आम्ही आधी काढला नव्हता, नंतरही कधी जमला नाही. एरवी मिटलेले डोळे निगेटिव्हवर पेन्सिलीनं उघडायचं काम माझं असायचं. ह्या फोटोला मी पेन्सिल लावली नाही. ह्यांनी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. मी नको म्हटलं होतं, पण जोरात म्हटलं नाही. लोक थांबून बघायचे. मुलींच्या आया यायच्या आणि म्हणायच्या, "असाच पायजे, डोळे असेच आले पायजे." त्या फोटोनं आम्हाला दोन वर्षं कामं दिली.

दोन वर्षांनी ती दुकानात आली. कडेवर मूल, जावळ काढलेलं, त्याचा फोटो काढायचा होता. नवरा बाहेर सायकल धरून उभा. मी तिला आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर बस, पाणी घे, बाळ किती महिन्यांचं, असं नुसतं बोलत सुटले. शेवटी विचारलंच, "परीक्षा दिलीस का गं?"

"नाही जी," ती म्हणाली. "पहिल्या साली सासू बिमार होती. मंग हा झाला." रागानं नाही, कोणीतरी वाळत घातलेल्या धानाला ऊन लागलं का विचारावं आणि सांगावं तसं. नवरा चांगला आहे, म्हणाली. मामाजी मागच्या साली वारले, म्हणाली.

काचेतल्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. ती उठून जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "काढून टाकू का तो? तुला नको असेल तर आत्ता काढते."

"राहू द्या," ती म्हणाली. "चांगला आला हाय." मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे वळली. "एक सांगू का काकू? भटजी म्हणत होता तवा मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. तुमी सकाळपासून सगळ्याइच्या अंगावर वरडत होत्या. ह्याईच्यावर वरडल्या, मामाजीले खाटेवरून उठवलं. मामाजीले आजपर्यंत कोणी उठवलं नोतं. मले वाटलं, आता काकू माह्यासाठी बी वरडान."